प्रवेश अर्जाची मुदत शेवटच्या रात्री वाढवली. ज्यांनी वेळेत अर्ज केला त्यांनी आता काय करावे?

इंद्रायणीकाठ (शनिवार, सकाळी ८.१०)

नमस्कार. मी यंदा अर्थशास्त्र विषय घेऊन बी.ए. पूर्ण केले आणि पुण्यातील एका विद्यापीठात एम.ए. साठी अर्ज केला आहे. अर्ज भरण्याची शेवटची तारीख कालची, म्हणजे शुक्रवारची होती. रात्री पावणेअकराच्या सुमारास संकेतस्थळावर परिपत्रक आले आणि मुदत बारा दिवसांनी, पुढच्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत वाढवल्याचे कळले. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सल्ला हवा आहे आणि असा प्रसंग दुसऱ्या ठिकाणच्या अर्जदारांवरही येत असेल.

माझा अर्ज प्रक्रिया सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी भरून झाला होता. तो वेळेत भरता यावा म्हणून मे महिन्यात नॉन-क्रिमीलेयर दाखल्यासाठी सेतू केंद्रात तीन हेलपाटे घातले. पहिल्या वेळी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा नसून एकाच वर्षाचा निघाला. दुसऱ्या वेळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील आडनावातली वेलांटी आधार कार्डाशी जुळली नाही, म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागले. वडील भोसरीच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातात. या दोन खेपांसाठी त्यांच्या दोन पाळ्या बुडाल्या. हे सगळे शुक्रवारच्या तारखेकडे बघून केले होते, आणि ती तारीखच सरकली तेव्हा वाईट वाटले हे मी लपवत नाही.

तरी वाईट वाटण्यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. पूर्वीच्या वेळापत्रकाप्रमाणे तात्पुरती गुणवत्ता यादी येत्या बुधवारी लागणार होती. शहरातल्याच एका महाविद्यालयात एम.ए. साठी माझे नाव पहिल्या यादीत आले आहे आणि तिथे येत्या गुरुवारपर्यंत १८,४०० रुपये शुल्क भरून प्रवेश निश्चित करायचा आहे. म्हणजे बुधवारी विद्यापीठाची यादी पाहून गुरुवारी निर्णय घेता आला असता. आता ती यादी कधी लागणार याबद्दल परिपत्रकात एकच ओळ आहे : ‘सुधारित वेळापत्रक यथावकाश प्रसिद्ध करण्यात येईल.’ या ‘यथावकाश’मुळे आमच्या घरी रात्री बारा वाजेपर्यंत चर्चा चालू होती.

माझे प्रश्न असे आहेत. आधी अर्ज केलेल्यांचे मुदतवाढीमुळे गुणवत्ता यादीत काही नुकसान होते का? महाविद्यालयाचे शुल्क भरून ठेवले आणि नंतर विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर पैसे परत मिळतात का, आणि किती? आणि सुधारित वेळापत्रक लवकर लावा अशी मागणी कोणाकडे करायची असते?

---

गोदाकाठ (शनिवार, सकाळी ९.३५)

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि ती मला पूर्ण समजते. पण या वाढीव मुदतीत अर्ज भरणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

मी परभणी जिल्ह्यातला. पदवी मराठवाड्यातून घेतली आणि गेले वर्षभर सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन राहून अभ्यासिकेत बसतो. आमच्या शेवटच्या सत्राचा निकाल परवा, गुरुवारी लागला. अर्जात सहाही सत्रांचे गुण भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, त्यामुळे निकालाआधी अर्ज भरण्याचा मार्गच नव्हता. गुरुवारी रात्री गुण दिसले, शुक्रवारी सकाळी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून गुणपत्रक उतरवून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते दुपारपर्यंत उघडतच नव्हते. दुपारी तीन वाजता अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर माझ्यापुढे अकरा जण होते आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात बाहेरच्या विद्यापीठांच्या गुणपत्रकांच्या छापील प्रती होत्या. आमचा निकाल आमच्या हातात नसतो. तारीख सरकली नसती, तर एक वर्ष वाया गेले असते, तेही आमची काही चूक नसताना.

मुदतवाढीवर माझाही एक आक्षेप आहे, तो वेगळा आहे. माझ्याबरोबर राहणारा, माझ्याच तालुक्यातला एक मित्र शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत धडपडला. त्याच्या जातीच्या दाखल्यावरचा बारकोड स्कॅन केला की पान उघडत नव्हते. सात वाजता त्याने नाद सोडला, पिशवी भरली आणि रात्रीच्या एसटीने गावी निघाला. परिपत्रक पावणेअकराला आले तेव्हा तो गाडीत होता. मी सकाळपासून चार वेळा फोन केला, त्यांच्या शिवारात नेटवर्क नसल्यामुळे लागत नाही. ज्यांच्यासाठी मुदत वाढवली, त्यांच्यातलेच जे हताश होऊन परत गेले त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचवायची कोणी? दुपारी बारा वाजता सांगितले असते तर तो आज पुण्यातच असता.

---

सिंहगड रस्ता (शनिवार, सकाळी ११.२०)

दोघांचेही म्हणणे पटते, पण आणखी एक गट आहे ज्याचा उल्लेख झालेला नाही. नियमित मुदत सोमवारी संपली होती. मंगळवार ते शुक्रवार हे चार दिवस ५०० रुपये विलंब शुल्कासह अर्ज घेतले जात होते. माझ्या धाकट्या बहिणीने गुरुवारी विलंब शुल्क भरून अर्ज सादर केला. आता वाढीव मुदत ‘विलंब शुल्काशिवाय’ आहे. म्हणजे जी मुलगी बारा दिवसांनी अर्ज भरेल तिला ते ५०० रुपये पडणार नाहीत आणि जिने तीन दिवस उशिरा भरला तिला पडले.

रक्कम मोठी नाही हे मान्य आहे. परंतु बहीण संध्याकाळी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि तिच्या दृष्टीने ती एका मुलाची महिन्याची फी आहे. गोदाकाठ यांना मुदत मिळाली याबद्दल मला अजिबात तक्रार नाही, ती मिळायलाच हवी होती. फक्त एकाच कारणासाठी एकाकडून दंड घ्यायचा आणि दुसऱ्याला तो माफ करायचा, हे कोणत्या न्यायात बसते ते मला समजून घ्यायचे आहे.

---

निवृत्त कक्ष अधिकारी (शनिवार, दुपारी १.०५)

मी एका शिक्षण संस्थेच्या प्रवेश विभागात अठ्ठावीस वर्षे काम करून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडे या दिवसांत काय चालते ते जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम पहिल्या प्रश्नाचे उत्तर. जिथे प्रवेश गुणवत्तेवर आहे, तिथे अर्ज तिसऱ्या दिवशी आला की तेराव्या, याला यादीत स्थान नसते. दोघांचे गुण सारखे असतील तर कोणाला वर ठेवायचे याचे निकष माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. सहसा त्यात मूळ विषयातील गुण, आधीच्या परीक्षेतील गुण, जन्मतारीख असे मुद्दे असतात. आपल्या पुस्तिकेतील ते पान काढून एकदा वाचून घ्या. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ ही पद्धत फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी काही ठिकाणी वापरतात, पहिल्या यादीसाठी नाही. मात्र हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की बारा दिवसांत जास्त गुणांचे अर्ज आले तर आपला क्रमांक खाली जाऊ शकतो. त्याला नुकसान म्हणता येत नाही, कारण त्या जागा शुक्रवारपर्यंत अर्ज करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या नव्हत्या. त्या पात्र विद्यार्थ्यांतील सर्वाधिक गुणवंतांच्या असतात. माझे हे म्हणणे आपल्याला आज कठोर वाटेल, पण गुणवत्ता यादीचा अर्थच तो आहे.

आता मुदत का वाढते. शेवटच्या दिवशी दुपारी तीन आकडे काढले जातात : नोंदणी किती जणांनी केली, अर्ज किती जणांनी पूर्ण भरला आणि शुल्क भरून अंतिम सादर किती जणांनी केला. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांत मोठी दरी दिसली की कुठेतरी गाडी अडली आहे हे ओळखायचे. कधी शुल्काचे व्यवहार अडकलेले असतात, कधी गोदाकाठ सांगतात तसे इतर विद्यापीठांचे निकाल लांबलेले असतात. सर्वांत जास्त वेळा अडतात ते दाखले. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११ आणि विशेष मागास प्रवर्ग २ असे ५२ टक्के आरक्षण आहे. त्यावर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के. हे आरक्षण पूर्णपणे लागू असते तिथे शंभरातल्या बहात्तर जागा कोणत्या ना कोणत्या दाखल्यावर अवलंबून असतात. त्यांपैकी अनेक दाखल्यांची वैधता ३१ मार्चशी बांधलेली असल्यामुळे सगळ्यांची गर्दी एप्रिल ते जुलै या चारच महिन्यांत सेतू केंद्रांवर आणि तहसील कार्यालयांवर उसळते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले देण्याला कालमर्यादा घालून दिली आहे आणि ती उलटली तर अपीलही करता येते, पण अर्जाची मुदत चार दिवसांवर आली असताना अपील करून कोणाचे काम भागत नाही.

रात्री पावणेअकराच का, याचेही कारण सांगतो. दुपारी आकडे हाती आल्यावर विभाग टिप्पणी, म्हणजे मान्यतेसाठीचा लेखी प्रस्ताव, तयार करतो, ती कुलसचिवांकडे जाते आणि तिथून कुलगुरूंच्या मान्यतेसाठी. कुलगुरू बैठकीत किंवा गावाबाहेर असले तर सही व्हायला संध्याकाळ उलटते, त्यानंतर परिपत्रक टंकलिखित होऊन संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांकडे पोहोचते. मी स्वतः रात्री नऊ वाजता हातात नस्ती (फाइल) घेऊन जिन्यात उभा राहिलेलो आहे. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण माझे स्पष्ट मत असे आहे की निकाल लांबले आहेत आणि दाखले अडले आहेत हे शेवटच्या दिवशी दुपारीच कळते असे नाही. तीन दिवस आधी तेच आकडे तीच गोष्ट सांगत असतात. टिप्पणी तेव्हा तयार झाली, तर गोदाकाठांच्या मित्रासारखी मुले परत जाणार नाहीत. आणि मुदतवाढीच्या परिपत्रकातच यादीची नवी तारीख द्यायला हवी, कारण शेवटची तारीख ही साखळीतली एक कडी आहे. छाननी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, शुल्क भरणे, या सगळ्या कड्या तिच्यामागे सरकतात. एकच कडी हलवून बाकीच्या ‘यथावकाश’ म्हणून सोडल्या की इंद्रायणीकाठ यांच्यावर जी वेळ आली ती येते.

विलंब शुल्काबद्दल सिंहगड रस्ता यांचे म्हणणे मला रास्त वाटते. बहिणीने शुल्काची पावती जोडून विभागप्रमुखांच्या नावे एक साधा अर्ज करावा, की वाढीव मुदतीत विलंब शुल्क माफ केल्यामुळे आधी घेतलेली रक्कम परत करावी किंवा प्रवेश झाल्यास शुल्कात वळती करावी. परत करण्यापेक्षा वळती करणे लेखा विभागाला सोपे जाते, म्हणून दोन्ही पर्याय लिहावेत. एकट्याचा अर्ज बाजूला पडू शकतो, पण पंधरा-वीस जणांनी एकत्र दिला तर त्यावर टिप्पणी करावीच लागते.

---

हिशेबनीस (शनिवार, दुपारी ४.४०)

शुल्कपरताव्याबद्दल लिहितो, कारण यात बरेच पालक एका ठिकाणी चुकतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे ठरवून दिलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळते, फक्त प्रक्रिया खर्च म्हणून पाच टक्क्यांपर्यंत आणि कमाल ५,००० रुपये कापता येतात. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केला तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीही नाही. तुमच्या १८,४०० रुपयांवर हिशेब केला तर पहिल्या टप्प्यात कपात फार तर ९२० रुपये. पुढे हातात येणारी रक्कम अनुक्रमे १६,५६०, १४,७२० आणि ९,२०० रुपये. अनामत रक्कम या टक्केवारीत धरायची नसते, ती पूर्ण परत करायची असते. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत असेही त्यात म्हटले आहे.

आता चूक कुठे होते ते पाहा. हे दिवस ज्या संस्थेतला प्रवेश तुम्ही रद्द करणार तिच्या अंतिम तारखेपासून मोजायचे असतात. ज्या विद्यापीठाने मुदत वाढवली त्याच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही. विद्यापीठाची मुदत बारा दिवसांनी सरकली म्हणून महाविद्यालयाचे घड्याळ थांबत नाही. म्हणून सोमवारी महाविद्यालयात जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की तुमची प्रवेशाची अंतिम तारीख कोणती म्हणून जाहीर झाली आहे, आणि ते छापील वेळापत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगा. गुरुवार ही फक्त पहिल्या यादीची शुल्क भरण्याची तारीख असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर सर्व प्रवेशांची अंतिम तारीख आणखी पुढे असेल आणि तुम्ही जास्त टक्केवारीच्या टप्प्यात राहाल.

याखेरीज गेली काही वर्षे आयोग त्या त्या शैक्षणिक वर्षासाठी अधिक सवलतीची परिपत्रके काढत आला आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाचे पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत करावे असा आदेश होता. तुमच्या वर्षाचे परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या आणि सोबत ठेवा. खिडकीवर तोंडी वाद घालण्यापेक्षा छापील कागद पुढे केला की बोलणे लवकर संपते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मूळ गुणपत्रके आणि शाळा सोडल्याचा दाखला कोणाकडे ठेवून येऊ नका. त्याच अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रे तपासून विद्यार्थ्याला तिथल्या तिथे परत द्यायची असतात, संस्थेने ताब्यात ठेवायची नसतात. माझ्या पुतणीच्या वेळी पैशांवाचून काही अडले नव्हते. अडले ते कपाटात बंद असलेल्या मूळ गुणपत्रकामुळे, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ आठवडाभर रजेवर होते.

माझा सल्ला विचाराल तर गुरुवारची वाट न पाहता शुल्क भरा. हातातली जागा सोडून यादीच्या भरवशावर राहू नका. दोन-चार हजारांचे नुकसान झालेच तर ते एका वर्षाच्या नुकसानीपेक्षा सोसण्यासारखे आहे.

---

मुळशीकर (शनिवार, रात्री ८.१५)

थोडक्यात माझा अनुभव. शुक्रवारी रात्री नऊ वाजता यूपीआयने अर्जाचे शुल्क भरले, खात्यातून पैसे गेले, पण अर्जावर ‘शुल्क प्रलंबित’ असेच दिसत राहिले. घाबरून पुन्हा भरले, तर दुसऱ्यांदाही तेच झाले. मुदत वाढली नसती तर दोनदा पैसे भरूनही माझा अर्ज बाद झाला असता. आज दुपारी पहिला व्यवहार जमा दिसतो आहे, दुसरा अजून अधांतरी आहे.

इतर कोणाचे असे झाले असेल तर लक्षात ठेवा, की रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयचे पैसे खात्यातून गेले आणि घेणाऱ्याकडे पोहोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. व्यवहार क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवा आणि तक्रार आधी आपल्या बँकेच्या ॲपमधून नोंदवा. आणि कृपया माझ्यासारखे घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

---

एका विद्यार्थ्याची आई (रविवार, सकाळी १०.००)

मुलाच्या वतीने लिहिते आहे. आम्ही सोलापूरकडचे. शुक्रवारी मुदत संपेल, बुधवारी यादी लागेल आणि महिनाअखेर वसतिगृहाचे कळेल, असा हिशेब करून त्याच्यासाठी कोथरूडला एका महिन्यापुरती कॉट घेतली होती. भाडे आणि मेस मिळून महिन्याचे साडेसात हजार जातात, अनामत वेगळी. आता दुसरा महिना धरावा लागणार. घरमालकीण भली आहे, तिने आगाऊ मागितले नाही, पण दुसरा मुलगा दारात उभा आहे असे तिने कालच सांगितले. परत बोलावून घ्यावे, तर यादी अचानक लागली आणि दोन दिवसांत कागदपत्रे घेऊन हजर राहा म्हणाले तर काय करायचे, या भीतीने बोलावताही येत नाही.

ज्यांचे निकाल लागले नव्हते त्या लेकरांना मुदत मिळाली ते बरेच झाले, माझ्या मुलावर ती वेळ आली असती तर मीही तेच मागितले असते. कक्ष अधिकारी साहेबांना एवढेच विचारायचे आहे, की यादीची तारीख निदान अंदाजे तरी विचारून मिळते का? आणि कोणाला विचारायचे?

---

निवृत्त कक्ष अधिकारी (रविवार, सकाळी ११.३०)

ताई, तोंडी विचारले तर ‘संकेतस्थळ पाहत राहा’ असेच उत्तर मिळेल, कारण खिडकीवरच्या माणसाला तारीख सांगण्याचा अधिकार नसतो. म्हणून लेखी विचारावे. पत्र विभागप्रमुखांना लिहावे, प्रत कुलसचिवांना द्यावी, आणि आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पत्रात तक्रारीचा सूर नको. अडचण काय आहे, कोणत्या तारखेमुळे आहे आणि नेमके काय हवे आहे, हे एका पानात मावले पाहिजे. सोबत इंद्रायणीकाठ यांनी महाविद्यालयाच्या शुल्काच्या सूचनेची प्रत जोडावी आणि आपण खोलीच्या भाड्याचा उल्लेख करावा. कागद जोडलेला असला की टिप्पणी लिहिणाऱ्याला आधार मिळतो.

याने काम झाले नाही तर पुढचा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान झाले नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. त्याच विनियमांत प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करावी असेही म्हटले आहे. पण आपल्याला या क्षणी एक तारीख हवी आहे, आणि समितीचे १५ दिवस मोजत बसलो तर यादी त्याआधीच लागून जाईल. म्हणून उद्याच पत्र द्या.

---

इंद्रायणीकाठ (मंगळवार, रात्री ९.२०)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे घडले ते लिहिते.

काल सकाळी आधी महाविद्यालयात गेले. हिशेबनीस काकांनी सांगितल्याप्रमाणे छापील वेळापत्रक मागितले. गुरुवार ही खरोखरच फक्त पहिल्या यादीची शुल्क भरण्याची तारीख निघाली, सर्व प्रवेशांची अंतिम तारीख त्यानंतर सव्वीस दिवसांनी आहे. विद्यापीठाची यादी वाढीव मुदतीनंतर आठवडाभरात लागली तरी मी तोपर्यंत पहिल्या नाही तरी दुसऱ्या टप्प्यात असेन. वडिलांनी शुल्क भरले, पावतीवर अनामतीची रक्कम वेगळी लिहून घेतली, आणि मूळ गुणपत्रके तपासून झाल्यावर मी ती परत पिशवीत ठेवली. खिडकीवरच्या मॅडमनी एकदा ‘राहू द्या आमच्याकडे’ म्हटले होते, पण अधिसूचनेची प्रत दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता ती परत दिली.

तिथून विद्यापीठात गेले. विभागाच्या बाहेरच्या फलकाजवळ आमच्यासारखेच बरेच जण उभे होते. पत्र मी रात्रीच लिहून ठेवले होते. सिंहगड रस्ता यांची बहीण तिथे भेटली, तिने त्यात विलंब शुल्काचा परिच्छेद घातला. वाढीव मुदतीची बातमी सर्व संलग्न महाविद्यालयांना कळवावी आणि अर्ज अपूर्ण ठेवून थांबलेल्या नोंदणीधारकांना मोबाइलवर संदेश पाठवावा, ही मागणी गोदाकाठ यांच्या सांगण्यावरून तिसरी लिहिली. एकूण सव्वीस जणांनी सह्या केल्या. त्यांतल्या नऊ जणांनी अर्ज अजून सादरही केलेले नव्हते; त्यांनाही यादीची तारीख आमच्याइतकीच हवी होती. हे पाहून शनिवारी सकाळी माझ्या मनात जी अढी होती ती बरीच कमी झाली. मी ज्यांच्यामुळे माझा क्रमांक खाली जाईल म्हणत होते, त्यांच्यातली एक मुलगी पेनाला टोपण लावत मला विचारत होती, की तुला नॉन-क्रिमीलेयर किती दिवसांत मिळाले.

आवक विभागात शिक्का घेतला. विभागप्रमुखांनी आम्हा चौघांना आत बोलावून पत्र आमच्यासमोर वाचले. विलंब शुल्काबद्दल लेखा विभागाचे मत घ्यावे लागेल असे त्यांनी सांगितले, त्यावर अजून काही झालेले नाही. यादीबद्दल मात्र आज संध्याकाळी सुधारित वेळापत्रक संकेतस्थळावर लागले आहे : तात्पुरती यादी मुदत संपल्यानंतरच्या सोमवारी, हरकती दोन दिवस, अंतिम यादी शुक्रवारी, आणि कागदपत्रे घेऊन हजर राहण्यासाठी त्यापुढचे चार कामकाजाचे दिवस. सोलापूरच्या काकूंनी मुलाला आठ दिवसांसाठी घरी बोलावून घ्यायला हरकत नाही.

गोदाकाठ, मोबाइलवरचे संदेश आज दुपारपासून जात आहेत असे कळले. तुमच्या मित्राशी संपर्क झाला का? अर्ज पुढच्या बुधवारी सायंकाळी साडेपाचला बंद होणार आहेत, मध्यरात्री नाही, हे त्याला आवर्जून सांगा.

---

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ७.४५)

काल रात्री त्याच्या मामाच्या फोनवर बोलणे झाले. संदेश त्याला मिळालाच नव्हता, साडेपाचचेही ठाऊक नव्हते. आज तो दाखल्याची नवी प्रत काढायला तालुक्याला जाणार आहे आणि तिथल्याच केंद्रातून अर्ज भरणार आहे. त्याच्या अर्जाचा मसुदा मी इथे तपासून ठेवला आहे.

---

गोदाकाठ (बुधवार, दुपारी ३.१०)

बारकोड या वेळी उघडला. अर्ज सादर झाला, पावती आली.